खाल्लेल्या मिठाचा माग

१९८० च्या दशकाच्या मध्यावर बेल्जियममधल्या लूव्हन शहरातल्या एका प्रयोगशाळेत जगभरातून छोट्या छोट्या बाटल्या येऊ लागल्या. ३२ देशांतली ५२ ठिकाणं, २० ते ५९ वयाची १०,०७९ माणसं, आणि प्रत्येक बाटलीत त्यांच्यापैकी एकाच्या चोवीस तासांच्या लघवीचा नमुना. त्यात दिल्लीकर होते, चहात मीठ आणि लोणी घुसळणारे लडाखी होते, केनियातले खेडूत होते आणि ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासीही होते. या अभ्यासाचं नाव होतं 'इंटरसॉल्ट'. त्याला जे हवं होतं ते ऐकायला अगदी साधं वाटतं: माणूस रोज किती मीठ खातो, किती पोटॅशियम खातो, आणि त्याचा रक्तदाबाशी काय संबंध आहे?

निकाल १९८८ साली प्रसिद्ध झाले. चीनमधल्या तिआनजिनचा मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा आकडा, निघाला दिवसाला २४२ मिलिमोल सोडियम. एक मिलिमोल सोडियम म्हणजे २३ मिलिग्रॅम, आणि मिठात मोजलं तर ५८ मिलिग्रॅमच्या थोडं वर. त्या हिशेबाने तिआनजिनकर दिवसाला सुमारे १४ ग्रॅम मीठ बाहेर टाकत होता. यानोमामींचा आकडा होता ०.२ मिलिमोल. मिठात सांगायचं तर जेमतेम १२ मिलिग्रॅम, चिमटीत धरू म्हटलं तरी येणार नाही इतकं. एकाच प्राण्याच्या दोन वस्त्या, दोन्ही धडधाकट, आणि मिठात बाराशेपट फरक! वाघाच्या किंवा कावळ्याच्या आहारात असा फरक सापडेल असं मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे यानोमामींचा रक्तदाब वयाबरोबर वाढतच नाही. इंटरसॉल्टच्या बाकी निष्कर्षांवर पुढे पुष्कळ भांडणं झाली, पण हे दोन आकडे कुणी खोडू शकलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? माणसांना सरळ विचारायचं.

विचारून बघा. कुठलंही मराठी पाककृतींचं पुस्तक उघडा. साखर वाट्यांत दिलेली असते, तेल पळ्यांत, हिंगसुद्धा चमच्याच्या अंशांत, आणि मीठ चवीपुरतं. घरात मीठ घालणारा हात एक आणि खाणारी तोंडं पाच. त्यामुळे ज्याला विचारायचं त्याला ठाऊक नसतं, आणि जिला ठाऊक असतं तिच्या बोटांना ठाऊक असतं, तिला स्वतःला नाही. आहार-सर्वेक्षणाला घरी आलेली मुलगी वाट्या-चमच्यांचा संच समोर मांडून "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" असं विचारते. दोन भाकऱ्या, वाटीभर पिठलं, बरोबर ठेचा. भाकरी मोजता येते, पिठल्याची वाटी दाखवता येते. ठेच्यात मीठ किती होतं? त्यातला किती ताटात उरला? तो भाकरीला लावून खाल्ला की नुसता चाखला?

यावर एक तोडगा म्हणून महिन्याला मिठाच्या किती पिशव्या लागतात ते विचारतात आणि घरातल्या माणसांनी भागतात. पण पिशवीतलं सगळं मीठ पोटात जातं कुठे? काही लोणच्याच्या बरणीत जातं आणि खाराबरोबर पुढची दोन वर्षं निघत राहतं. काही मासळी धुताना मोरीत जातं, घसा धरला की गुळण्यांत जातं, आणि चिमूटभर मोहऱ्यांबरोबर बाळावरून ओवाळून चुलीत. उलट जे पोटात जातं ते सगळं त्या पिशवीतून आलेलं नसतं. पावात मीठ आहे, बिस्किटात आहे, खारीत तर नावातच आहे. पापडातला पापडखार, ढोकळ्यातला सोडा आणि पोट जड झालं की पाण्यात फसफसवून घेतलेली पूड यांत मीठ नसलं तरी सोडियम असतंच, आणि ते जिभेला खारट लागत नाही. उपासाचं शेंदेलोण हे 'वेगळं मीठ' म्हणून मनात सोडून देणारेही पुष्कळ. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. विचारून काढलेला आकडा त्यामुळे बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच भरतो.

दुसरी एक पद्धत फार प्रामाणिक आहे. माणूस जे जे खाईल त्याचं तंतोतंत दुसरं ताट बाजूला काढायचं, ते सगळं एकत्र दळायचं, आणि त्यातलं सोडियम प्रयोगशाळेत मोजायचं. पण आपलं दुसरं ताट दळलं जाणार आहे हे कळल्यावर माणूस रोजच्यासारखं जेवत नाही. पापड नको म्हणतो, फोडणीची मिरची सोडतो.

मग रक्त तपासावं? "आजोबांचं सोडियम कमी झालं, म्हणून अ‍ॅडमिट केलंय," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि त्यावरून अनेकांना वाटतं की रक्तातलं सोडियम म्हणजे खाल्लेलं मीठ. तसं नाही. लिटरभर रक्तद्रवात १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम, ही चौकट शरीर जिवापाड सांभाळतं. तिआनजिनचा माणूस आणि यानोमामी यांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर कोण कोणता हे सांगता येणार नाही. आजोबांचा आकडा घसरतो तो बहुधा शरीरात पाण्याचं प्रमाण बिघडल्यामुळे, औषधांमुळे किंवा आजारामुळे. आमटी अळणी झाली म्हणून सहसा नाही.

ही चौकट सांभाळणारं मूत्रपिंडाचं काम पाहिलं की थक्क व्हायला होतं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव दोन्ही मूत्रपिंडांतून गाळला जातो. त्यात विरघळलेलं सोडियम मिठात मोजलं तर जवळजवळ दीड किलो भरतं. रोज दीड किलो मीठ आधी बाहेर काढायचं आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत आत ओढून घ्यायचं! जे आठ-दहा ग्रॅम शेवटी बाहेर सोडलं जातं ते मोटामोटी तुम्ही त्या दिवशी खाल्लेल्याइतकं असतं. जमेची वही कुणीच ठेवलेली नाही, पण खर्चाची वही इतकी चोख आहे की तिच्यावरून जमा काढता येते. खाल्लेल्या सोडियमपैकी ९० टक्क्यांहून जास्त लघवीवाटे जातं. उरलेलं घामातून आणि शौचातून. म्हणूनच मीठ मोजायचं तर तोंडाकडे न बघता दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं, हा गेल्या अर्धशतकातला शहाणपणा.

घामाचा भाग नेहमीच थोडा असतो असं मात्र नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्यावर खडी टाकणाऱ्या माणसाची लघवी त्याच्या मिठाची पूर्ण साक्ष देणार नाही. लंडनमध्ये १९३० च्या दशकात रॉबर्ट मॅकान्स या डॉक्टरने हाच रस्ता वापरून माणसातलं मीठ मुद्दाम रिकामं केलं. त्याने स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना बिनमिठाच्या अन्नावर ठेवलं आणि रोज उष्णतेखाली निजवून घाम काढला. हळूहळू पायांत गोळे यायला लागले, अन्नाची चव गेली, सिगारेटचीही गेली. मीठ नसलं की केवळ खारटपणा जात नाही, सगळी चवच जाते, हे त्याने स्वतःच्या जिभेवर नोंदवलं.

आता चोवीस तासांची लघवी गोळा कशी करतात ते नीट बघू, कारण सगळी अचूकता इथेच मिळते किंवा हातची जाते. तीन किंवा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा देतात. समजा सकाळी सात वाजता सुरुवात केली. त्या वेळची लघवी डब्यात घ्यायची नाही, ती टाकून द्यायची आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. ही पायरी लोक हमखास उलटी करतात. टाकायची का? कारण ती रात्रीत तयार झालेली असते, आपलं घड्याळ सुरू होण्याआधीची. तिथून पुढची प्रत्येक वेळची, अगदी थेंब न् थेंब, डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठून शेवटची तीही डब्यात, आणि वेळ पुन्हा लिहायची. मग एकूण मिलिलिटर मोजायचे, डबा चांगला हलवायचा आणि त्यातलं चमचा-दोन चमचे तपासायला घ्यायचं. इंटरसॉल्टमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच होत असे, ती उगाच नाही.

कारण मधले तास माणसाचे स्वतःचे असतात. तो डबा घेऊन लोकलमध्ये चढणार आहे का? ऑफिसात टेबलाखाली ठेवणार आहे का? शौचाला जाताना जी लघवी होते ती सगळ्यांच्याच लक्षातून निसटते. एकदा चुकलं की बरेच जण सांगत नाहीत, संकोच वाटतो. मग ४०० मिलिलिटर कमी असलेला डबा प्रयोगशाळेत पोचतो आणि तो माणूस कमी मीठ खाणारा ठरतो.

डब्याचा खोटेपणा पकडायला केंब्रिजमध्ये शीला बिंगहॅम आणि जॉन कमिंग्ज यांनी १९८३ साली एक नामी युक्ती मांडली. पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल नावाचा एक निरुपद्रवी पदार्थ आहे. शरीर तो साठवून ठेवत नाही, घेतला की काही तासांत जवळजवळ सगळाच लघवीतून बाहेर पडतो. त्याची ८० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, जेवणांबरोबर द्यायची. डब्यात २४० पैकी ८५ टक्क्यांहून जास्त सापडला तर गोळा केलेलं पूर्ण आहे. साठच टक्के सापडला, तर एखादी फेरी डब्याबाहेर गेली. कुणाला काही विचारायला नको, कुणी ओशाळायला नको. डबा स्वतःच सांगतो. एरवी क्रिएटिनिन मोजूनही अंदाज घेतात. ते स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक प्रमाणात येतं. पण ते माणसागणिक बदलतं, त्यामुळे गोळीइतकी त्याची ग्वाही पक्की नाही.

डबा पूर्ण आहे असं कळलं. आता त्यातलं सोडियम दिसणार कसं? आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. मीठ घातलेला भात उतू गेला की गॅसच्या निळ्या ज्योतीत एकदम पिवळ्या जिभा उठतात. तो पिवळा रंग सोडियमचा आहे, नेमका ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमच्या अणूतला बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि खाली येताना तेवढाच, त्याच रंगाचा प्रकाश टाकतो. फ्लेम फोटोमीटर हे यंत्र दुसरं काही करत नाही. पाण्याने पातळ केलेली लघवी ज्योतीत फवारायची, फक्त त्या पिवळ्या रंगाला वाट देणारी काच समोर ठेवायची आणि उजेड किती पडला ते मोजायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला कोबाल्टची निळी काच डोळ्यापुढे धरलेली आठवत असेल. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी असते, आणि सोडियमचा नुसता अंश असला तरी त्या पिवळ्यापुढे ती दिसत नाही. निळी काच पिवळा अडवते आणि जांभळा दाखवते. यंत्र पोटॅशियमसाठी आणखी पलीकडे, ७६६ नॅनोमीटरजवळ, लाल रंगाच्या अगदी काठावर जाऊन बघतं.

सोडियमचा हा पिवळा किती तिखट आहे ते हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्चहॉफ यांनी १८६० साली दाखवून दिलं. खोलीच्या एका टोकाला त्यांनी तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर जाळलं आणि दुसऱ्या टोकाला मंद ज्योतीवर वर्णपटदर्शक लावून बसले. थोड्याच मिनिटांत पिवळी रेषा ठसठशीत उमटली. गणित करून त्यांनी सांगितलं की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम ज्योतीत असलं तरी डोळ्यांना दिसतं. जवळपास धुळीने भरलेलं पुस्तक आपटलं तरी रेषा चमकायची. सगळ्या हवेत सोडियम आहे, समुद्राचा तुषार वाळून आलेलं. आज बहुतेक प्रयोगशाळांत ज्योतीऐवजी विद्युतअग्रं आली आहेत. त्यांत पोटॅशियमच्या अग्राचा पडदा व्हॅलिनोमायसिन या रेणूने भारलेला असतो. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी बनवलेलं हे एक प्रतिजैविक. त्याच्या कड्यात पोटॅशियमचा आयन चपखल बसतो आणि त्याहून छोटा सोडियमचा आयन बसत नाही. मातीतल्या जिवाणूने आपल्या लढाईसाठी घडवलेलं हत्यार, आणि त्याने आपण केळ्यातल्या पोटॅशियमचा हिशेब काढतो.

इथपर्यंत आलो म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. १९९० आणि २००० च्या दशकांत बहुतेकांना तसंच वाटत होतं. मग रशियाने मंगळावर जायची रंगीत तालीम केली.

मॉस्कोतल्या एका संस्थेच्या आवारात बंदिस्त यानासारखी वस्ती उभारली होती. २००९ मध्ये काही पुरुष तिच्यात १०५ दिवस राहिले, आणि जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात दुसरे काही जण तब्बल ५२० दिवस. प्रकल्पाचं नाव 'मार्स ५००'. जर्मनीतल्या येन्स टिट्झं यांच्या चमूला यात सोन्याची संधी दिसली. इथे कोणाला गुपचूप वडापाव मिळणार नव्हता. प्रत्येक घास तोललेला, प्रत्येक घासातलं मीठ माहीत, आणि रोजची सगळी लघवी हाती. काही आठवडे दिवसाला १२ ग्रॅम मीठ, मग ९, मग ६. अपेक्षा अशी की १२ खाल्लं की रोज जवळपास १२ बाहेर पडेल, ९ खाल्लं की ९.

एकूण गोळाबेरीज जुळली. रोजची जुळली नाही. मिठाचं प्रमाण आठवडेच्या आठवडे तेच, तरी बाहेर पडणारं सोडियम लाटेसारखं वर-खाली होत होतं, साधारण आठवड्याच्या तालात. त्याच तालात अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकंही हलत होती. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे शरीरात साठलेलं एकूण सोडियम महिनाभराच्या किंवा त्याहून लांब लाटांत वाढत-घटत होतं, आणि वजन त्याबरोबर हलत नव्हतं. म्हणजे मीठ साठलं की पाणी साठतं हा पाठ्यपुस्तकातला नियम इथे तोकडा पडला. सोडियम त्वचेसारख्या ठिकाणी, पाण्याला फारसं बरोबर न घेता, दडी मारून बसू शकतं.

मोजणाऱ्यांसाठी यातून निघालेला आकडा जबरदस्त आहे. ज्यांचं जेवण ग्रॅमग्रॅम माहीत आहे अशा माणसांतही एका दिवसाच्या लघवीवरून आहारातल्या तीन ग्रॅम मिठाचा फरक ओळखायला गेलं, तर तो निम्म्याच वेळा ओळखता आला. नाणं उडवलं तरी तेवढंच! लागोपाठ तीन दिवस गोळा केलं तर अचूकता ७५ टक्क्यांवर गेली, सात दिवस केलं तर ९२ वर. तेव्हा एका डब्यावरून कुणा एकाला "तुम्ही मीठ जास्त खाता" असं सांगणं धाडसाचं आहे. दहा हजार लोकांच्या एकेका डब्यावरून सरासरी काढणं मात्र अगदी रास्त, कारण एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली असते. इंटरसॉल्टच्या मंडळींना याची कुणकुण होती. त्यांनी आठ टक्के लोकांकडून दुसऱ्यांदा डबा भरून घेतला होता, तो हेच पाहायला की एकाच माणसाचा आकडा दोन दिवशी किती बदलतो.

इंटरसॉल्टनंतर भारतातलं मीठ पुन्हा असं डब्याने मोजलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्ली-हरियाणात दिवसाला सुमारे साडेआठ ग्रॅम आणि आंध्र प्रदेशात साडेनऊच्या आसपास मीठ निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाही पुरता नाही.

डबा नकोसा होतो म्हणून सुटका शोधली गेली. जपानमधल्या कावासाकी आणि तानाका यांच्या नावाची सूत्रं आहेत. त्यांत एका वेळच्या लघवीतल्या सोडियमवरून, वय, उंची, वजन वगैरे घालून चोवीस तासांचा अंदाज काढतात. लाखभर लोकांची मोठी पाहणी करायची तर हे सोपं पडतं, आणि 'प्युअर' या अभ्यासाने २०१४ मध्ये याच वाटेने जाऊन खळबळ उडवली: मीठ फार खाणाऱ्यांना धोका आहेच, पण फार कमी खाणाऱ्यांनाही आहे! वर्तमानपत्रांनी मथळे केले, आणि लोणचंप्रेमींना हायसं वाटलं. पण ही सूत्रं कमी खाणाऱ्याचा आकडा फुगवतात आणि जास्त खाणाऱ्याचा घटवतात. २०१८ मध्ये काही संशोधकांनी, ज्यांच्याकडे अनेक डब्यांची खरी मोजमापं होती अशाच लोकांना ती सूत्रं लावून पाहिली, तर धोक्याची सरळ चढणारी रेषा वळून तशीच वाकडी झाली. २०२२ मध्ये १०,७०९ लोकांच्या, प्रत्येकी किमान दोन डब्यांच्या मोजमापांवरून दिसलं की दिवसाला एक ग्रॅम सोडियम वाढलं की हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, आणि एक ग्रॅम पोटॅशियम वाढलं की तेवढाच कमी होतो. मी या भांडणात डब्याच्या बाजूचा आहे. सोय झाली म्हणून मोजमाप खरं होत नाही.

डब्याला एक गोष्ट मात्र कळत नाही: हे मीठ आलं कुठून? त्यावर १९८० च्या दशकात केंब्रिजमध्ये जे केलं ते मला सगळ्यांत आवडतं. घरच्या मिठात लिथियमचा अंश वितळवून मिसळला आणि ते मीठ लोकांना स्वयंपाकाला आणि टेबलावर वापरायला दिलं. लिथियम अन्नात जवळजवळ नसतंच. तेव्हा लघवीत जेवढं लिथियम सापडलं तेवढं घरच्या हाताने घातलेलं मीठ, उरलेलं कारखान्यातून आलेलं. इंग्रजांच्या बाबतीत घरच्या मिठाचा वाटा सुमारे १५ टक्केच निघाला. बाकीचं बरंचसं ब्रेड, सॉसेज, चीज यांतून नकळत येत होतं. म्हणून तिथे सरकारने मीठ कमी करायला बेकऱ्यांना गाठलं. आपल्याकडे अजून बरंचसं मीठ घरच्या हातातूनच येतं. इथे तीच मोहीम लावायची तर दार ठोठावावं लागेल ते स्वयंपाकघराचं.

पोटॅशियमचा स्वभाव वेगळा. त्याची बरणी नसते. ते पेशींच्या आत राहतं, म्हणून वनस्पतींच्या प्रत्येक पेशीत असतं: पालेभाजीत, डाळीत, केळ्यात, शहाळ्यात, बटाट्यात. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत, ही विभागणी टिकवणारा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ मध्ये सापडला, तोही खेकड्याच्या पायातल्या चेतांमध्ये. (कोकणात तेच बारीक पाय वाटून रस कालवणात घालतात.) त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. पोटॅशियम अन्नातच असल्यामुळे "काय खाल्लंत" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बाबतीत बरंच कामी येतं. पण ते पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं की तक्त्यातला आकडा मोरीत गेला. आणि लघवीतून त्यातला तीन-चतुर्थांशच बाहेर येतो, उरलेला बराचसा शौचातून, त्यामुळे डब्यातल्या आकड्याला वरून भर घालावी लागते.

शरीरात एकूण पोटॅशियम किती आहे, हे मात्र हात न लावता मोजता येतं. निसर्गातल्या पोटॅशियमचा दहा हजारांत एखादा अणू किरणोत्सारी असतो. सत्तर किलोच्या माणसात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम, आणि त्यातले दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात, तुम्ही हे वाचत असतानाही. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात माणसाला जाड पोलादी खोलीत निजवून हे किरण टिपणारी यंत्रं आहेत. पण शिल्लक मोजली म्हणून रोजची आवक कळत नाही, त्यामुळे आहारासाठी या यंत्राचा उपयोग नाही.

चीनच्या ६०० खेड्यांत २०,९९५ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दोन्ही धागे एकत्र आणले. निम्म्या खेड्यांना तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मीठ दिलं. पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले, आणि आहार खरंच बदलला का ते पडताळायला निवडक लोकांचे डबे तपासले. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.)

एक सोडियम घटवायचं, एक पोटॅशियम वाढवायचं. मग दोन वेगळे आकडे कशाला, भागाकारच का मोजू नये? या प्रश्नात एक गंमत आहे. एका वेळच्या लघवीत सोडियम किती हे तुम्ही पाणी किती प्यायलात यावर अवलंबून असतं, पण त्याच नमुन्यातल्या सोडियमला पोटॅशियमने भागलं की पाणी वरही आणि खालीही येतं आणि कटून जातं. चोवीस तास, डबा, गोळी, काहीच लागत नाही. जपानमध्ये ओम्रॉन कंपनीने हे गुणोत्तर दाखवणारं छोटं यंत्र बनवलं. मियागी प्रांतातल्या टोमे शहरात आरोग्य तपासणीला आलेल्या लोकांना तिथल्या तिथे आपला आकडा कळतो. एकदाच मोजून उपयोग नाही, मार्स ५०० च्या लाटा इथेही आहेतच. पण आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजलं तर सरासरी चांगली जमते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन्ही शिफारशी पाळल्या तर मिलिमोलांत हा आकडा एकच्या जवळ येतो. २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकी प्रौढांचा त्याच्या दुपटीहून जास्त निघतो. यानोमामींच्या १९७५ च्या अभ्यासात सोडियम दिवसाला १ मिलिमोलच्या आसपास होतं आणि पोटॅशियम १५० च्या वर.

या यंत्राला एक गोष्ट सांगता येत नाही. आकडा चारवरून दोनवर आला तर मीठ निम्मं झालं की पालेभाजी दुप्पट, ते त्यावरून कळत नाही. रक्तदाबाला दोन्ही चालतं.